अन्नदानानंतरचे वैयावृत्त्य

वडिलांच्या पुण्यतिथीनिमित्त गेल्या वर्षी आम्ही सहकुटुंब एका निवासी गृहात भोजन देण्यासाठी गेलो होतो. बौद्धिक दिव्यांग प्रौढांचे ते गृह. पंगत बसली, ताटे वाढून झाली. मात्र एका तरुणाने अन्नाला स्पर्शही केला नाही. तो भिंतीवर डोके आपटू लागला. त्याला जेवण आवडले नसावे, असे आम्हांस वाटले. तेवढ्यात तेथील एक काळजीवाहक मावशी आल्या, त्यांनी त्याच्या गालावरून हळूच हात फिरवला आणि म्हणाल्या, “दाढ दुखतेय याची. बोलता येत नाही ना, म्हणून असं करतो.” मग त्याला ताठ बसवून, वरणभात मऊ कालवून, ठसका लागू नये म्हणून त्यांनी लहान लहान घास भरवले.

निघताना व्यवस्थापकांकडून कळले की, त्या मावशी पुढील महिन्यात काम सोडणार आहेत. अन्यत्र त्यांना अधिक वेतन मिळते. “जेवणाच्या तिथ्या वर्षभराच्या ठरलेल्या आहेत,” ते म्हणाले, “पगारासाठी मात्र दाता मिळत नाही.”

हे वाक्य मनातून जाईना. आपला समाज दानशूर आहे. आपण धान्य देतो, खोल्या बांधून देतो, त्यावर पूर्वजांच्या नावाची शिला बसवतो. परंतु अशा गृहातील जीवन चांगले की वाईट, हे इमारतीपेक्षा माणसांवर अधिक ठरते. अपस्माराचे औषध वेळेवर मिळाले का, रात्री कोणी जागे आहे का, स्नान घालताना पडदा ओढला जातो का, हे सारे काळजीवाहकावर अवलंबून असते. ज्याला वेदना सांगता येत नाही, त्याची खूण ओळखायला वर्षे लागतात. दर चार महिन्यांनी माणूस बदलला, तर ती ओळख प्रत्येक वेळी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

ही उपेक्षा कुठवर जाऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 2010 मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या निवासी गृहातील मृत्यूंची वृत्ते प्रसिद्ध झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पुढे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अशा संस्थांना नोंदणी बंधनकारक केली. पण प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि घास भरवणारा हात वेगळा असतो.

आपल्या शास्त्रांत सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना आहे. त्याचा मूळ संदर्भ साधुसेवेचा असला, तरी सेव्यांच्या यादीत ‘ग्लान’ म्हणजे रुग्ण, याचे स्थान स्वतंत्र आहे. उपवासाइतकेच, किंबहुना अधिक अंतर्मुख असे हे तप. जी मावशी रोज हे करते, तिच्या वेतनाला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून दूर ठेवणे आपल्याला शोभते का? अभयदानाचा महिमा आपण सांगतो. तक्रार करता न येणाऱ्या जीवाला अभय देणारी तर तीच असते.

म्हणून या पर्युषणात एक विनंती. भोजनाची तिथी द्याच. पण सोबत एका काळजीवाहकाच्या वेतनातील काही वाटा वर्षभर उचलता येईल का, ते पाहा. दान देण्यापूर्वी संस्थेला विचारा: रात्री किती जण कामावर असतात? सर्वांत जुने काळजीवाहक किती वर्षांचे? त्यांना प्रशिक्षण कोण देते, साप्ताहिक सुट्टी मिळते का? आणि कधी तरी तिथी नसताना, पूर्वसूचना न देता भेट द्या. चांगल्या संस्थेला अशा भेटीचे भय नसते.

आपल्या समाजातही अशी मुले आहेत. त्यांच्या वृद्ध माता-पित्यांच्या ओठांवर एकच प्रश्न असतो, “आमच्या माघारी याचे कोण करील?” त्याचे उत्तर संगमरवरी शिलेवर कोरता येणार नाही. ते त्या मावशींना कामावर टिकवून ठेवूनच द्यावे लागेल.

जय जिनेंद्र.