समुपदेशक नेमा, नुसती फाइल नको!

पालक, शिक्षक, मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांना जाहीर आवाहन

आम्ही काही शिक्षक आणि काही शालेय समुपदेशक मिळून हे पत्रक काढत आहोत. शाळेत आम्हाला एकमेकांसमोर उभे केले जाते. प्रत्यक्षात आमचे गाऱ्हाणे एकच आहे.

शिक्षक काय म्हणतात? वर्ग खच्चून भरलेला. पोर्टलवर माहिती भरा, पोषण आहाराच्या नोंदी ठेवा, आणि वर समुपदेशनही करा. दोन दिवसांचे प्रशिक्षण उरकले की वर्गशिक्षकच समुपदेशक! मग मनगटावर वळ असलेली मुलगी समोर उभी राहते आणि काय बोलावे ते सुचत नाही. "आम्ही समजावतोच की मुलांना," असे शिक्षक म्हणतात, ते खरेच आहे. पण गुण देणारे आणि घरी फोन करणारे हेच सर आहेत, हे मुलाला पक्के ठाऊक असते. म्हणून ते अर्धेच सांगते.

समुपदेशक काय म्हणतात? नेमणूक कंत्राटी, तीही आठवड्यातून एखाद्या दिवसाची. खोली नाही, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात टेबल. मूल बोलते होते न होते तोच पुस्तके बदलायला अख्खा वर्ग आत येतो. कोणी रजेवर गेले की बदली तास समुपदेशकाच्या माथी. दंगेखोर मुलाला दारात आणून सोडतात, "याला जरा सुनवा." साहजिकच त्या टेबलापाशी जाणे ही शिक्षा वाटू लागते, आणि जो स्वतःहून जातो त्याला वर्ग वेडा ठरवतो.

भांडण पेटते ते मधल्या सुट्टीत. "काय सांगितलं तिनं?" समुपदेशक गप्प राहिला तर शिक्षकाचा मान दुखावतो, बोलला तर मुलीचा विश्वास तुटतो. यावर नियम साधा आहे: मुलाने काय सांगितले ते गुप्त, शिक्षकाने काय करायचे ते स्पष्ट. "तिला काही दिवस फळ्यापाशी बोलावू नका," एवढे कळले तरी शिक्षकाचे काम भागते. जिवाला धोका असेल तिथे मात्र गुप्तता नाही. लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे.

विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले: १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, पट कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी, आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवे. तरीही कुणा शिक्षकाच्या नावापुढे 'समुपदेशक' लिहून फाइल बंद होणार असेल, तर ती मुलांची उघड फसवणूक आहे.

आमच्या मागण्या:

१. संचमान्यतेत समुपदेशकाचे पूर्णवेळ पद धरा. वर्गशिक्षकावर ही जबाबदारी ढकलू नका.

२. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट शंभराच्या आत आहे. त्यांच्यासाठी केंद्रनिहाय समुपदेशक नेमा. त्याच्या भेटीचे वार ठरलेले असावेत.

३. दार लागेल अशी खोली आणि वेळापत्रकात राखीव तासिका द्या. समुपदेशकाला बदली तास देऊ नका.

४. गुप्ततेचा नियम लेखी करा आणि शिक्षक, पालक व मुले, तिघांनाही समजावून सांगा.

पालकहो, येत्या पालकसभेत गुणांच्या आधी हे विचारा: शाळेत समुपदेशक कोण? बसतो कुठे? माझे मूल कुणाच्याही परवानगीशिवाय त्याच्याकडे जाऊ शकते का? उत्तर लेखी मागा. मिळाले नाही तर शाळा व्यवस्थापन समितीत ठराव मांडा आणि त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. शिक्षकांनो, त्या ठरावावर पहिली सही तुमची असू द्या.

तातडीची मदत हवी असल्यास: टेली मानस १४४१६, चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

आपले,
काही शिक्षक आणि शालेय समुपदेशक

(वाचा आणि पुढे द्या.)