तळपायावरच्या डागाकडे कोण पाहणार?

यंत्रमागापाशी बारा-बारा तास उभे राहणाऱ्या मालेगावच्या कामगाराच्या तळपायावर काळा डाग उमटला, तर तो कुरूप समजून खरवडला जाण्याचीच शक्यता अधिक. तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग असू शकतो, ही शंका सहसा कोणाला येत नाही.

हा रोग भारतात विरळा आहे. गोऱ्या लोकांत तो बहुधा उन्हाने होतो. सावळ्या त्वचेत मात्र तळपाय, तळहात आणि नखाखाली आढळतो. तेथे उन्हाचा संबंध नाही आणि कोणाची नजरही जात नाही. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यावरील असाच डाग आधी फुटबॉलची दुखापत समजला गेला. १९८१ मध्ये वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले.

छायाचित्रावरून निदान करणाऱ्या संगणकप्रणालींकडून म्हणूनच मोठी आशा आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सुमारे १ लाख २९ हजार छायाचित्रांवर शिकवलेली प्रणाली त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीची ठरली. परंतु याच विद्यापीठातील २०२२ च्या अभ्यासात अशा तीन प्रणाली सावळ्या त्वचेवर कमी पडल्या. विविध वर्णांची छायाचित्रे दाखवून पुन्हा शिकवल्यावर ही तफावत मिटली. दोष यंत्राचा नव्हे, त्याला दिलेल्या धड्यांचा होता.

तज्ज्ञांची दृष्टी आजही मोलाची आहे. तळव्यावरील रेषांच्या उंचवट्यांवर काळा रंग पसरला असेल तर धोका अधिक, खाचांतच असेल तर बहुधा निर्धोक, हे जपानी डॉक्टरांनी दाखवून दिले. ते पाहायला डर्माटोस्कोप हे हातात मावणारे भिंग पुरते.

२०११ च्या जनगणनेनुसार साडेचार लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरापासून नाशिक सुमारे शंभर किलोमीटर आहे. एका फेरीत रोजंदारी बुडते. डागाचे छायाचित्र येथेच काढून ई-संजीवनीसारख्या दूरसल्ला सेवेतून तज्ज्ञापर्यंत गेले, तर ती फेरी ज्याला खरी गरज आहे त्यालाच करावी लागेल. तथापि अंतिम निदान छायाचित्र नव्हे, तर तुकडा काढून केलेली तपासणीच करते. तिची सोय जवळ नसेल, तर लवकर उमगलेला रोगही उशिराच बरा करायला घेतला जाईल. भिंगाची खरेदी सोपी आहे. त्यापुढची वाट बांधणे हे शासनाचे खरे काम आहे.