विश्लेषण : एक्स-रे ‘नॉर्मल’, तरीही रक्ताचा कर्करोग? होल-बॉडी स्कॅन नेमका कोणासाठी?

साठीतल्या माणसाची कंबर महिनोन्महिने दुखते. एक्स-रे ‘नॉर्मल’ येतो, गोळ्या सुरू राहतात. बहुतेक वेळा त्यात काही गैर नसते. पण मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग नेमका इथेच नजरेतून सुटतो.

एक्स-रेमध्ये का दिसत नाही?

हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. या पेशी बेसुमार वाढल्या की हाड आतून पोखरले जाते. मात्र त्या जागचे साधारण ३० टक्के किंवा त्याहून अधिक खनिज गेल्याशिवाय एक्स-रेवर खड्डा उमटत नाही. प्लास्टर गळून पडल्यावर भिंतीतली वाळवी कळावी, तसाच हा प्रकार.

होल-बॉडी एमआरआय थेट मज्जेतला बदल दाखवतो, तोही क्ष-किरणांशिवाय. इंटरनॅशनल मायलोमा वर्किंग ग्रुपने २०१४ मध्ये निकष बदलले. मज्जेच्या तपासणीत आजार आढळला आणि एमआरआयमध्ये किमान ५ मिलिमीटरचे एकाहून अधिक डाग दिसले, तर हाड मोडण्याची वाट न पाहता उपचार सुरू करता येतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये मायलोमाच्या संशयितांसाठी पहिली पसंती होल-बॉडी एमआरआयला दिली, त्यानंतर लो-डोस सीटीला. एक्स-रे तिसऱ्या क्रमांकावर गेला. संशय असताना केवळ एक्स-रेवर फाइल बंद करणे आता समर्थनीय नाही.

मग सगळ्यांनीच स्कॅन करावा का?

नाही. धडधाकट माणसांना ‘फुल बॉडी एमआरआय’ विकणे हा वेगळाच धंदा आहे. लक्षणे नसलेल्यांसाठी अशा स्कॅनची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०२३ मध्ये स्पष्ट केले. निरुपद्रवी गाठी सापडतात आणि त्यांच्यामागे बायोप्सी, खर्च, झोप उडणे आलेच.

खरी सुरुवात रक्तापासून होते. न थांबणाऱ्या हाडदुखीसोबत हिमोग्लोबिन कमी, क्रिएटिनिन किंवा कॅल्शियम वाढलेले असेल, तर डॉक्टरांना सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या तपासण्यांबद्दल थेट विचारा. चेकअप पॅकेजच्या यादीत त्या आहेत का, हेही पाहा. नुसत्या सीबीसीने मायलोमा पकडता येत नाही.

आणि तोवर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नका. मायलोमा मूत्रपिंडांवर आधीच घाव घालत असतो. या गोळ्या त्यात भर घालतात.