शिळ्या पावाचे इटालियन कोफ्ते

खिम्यात पाव कालवायचा म्हटलं की आपल्याला जरा ओशाळल्यासारखं होतं. पाहुण्यांना वाटायचं, मटण कमी पडलं म्हणून भर घातली! पण इटलीतल्या गृहिणी ही भर पिढ्यान्‌पिढ्या उघडपणे घालत आल्या आहेत. त्यांच्या ‘पोल्पेत्ते’ची, म्हणजे खिम्याच्या कोफ्त्यांची, खरी लज्जत त्या पावातच आहे.

पेलेग्रिनो आर्तुझी यांनी १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये प्रसिद्ध केलेलं पाकशास्त्राचं पुस्तक आजही छापलं जातं. त्यातले पोल्पेत्ते आदल्या दिवशी उरलेल्या उकडलेल्या मांसाचे आहेत, आणि त्यांत पाव रश्शात किंवा दुधात शिजवून घालायचा आहे. स्पॅगेटीच्या ढिगावर मोठमोठाले गोळे, हे रूप अमेरिकेतलं. १८८० नंतरच्या चार दशकांत दक्षिण इटलीतून लाखो माणसं तिकडे गेली. तिथे मांस सहज मिळू लागलं, तसे गोळे मोठे झाले आणि स्पॅगेटीवर जाऊन बसले. नेपल्सकडे मात्र टोमॅटोचा रस्सा आधी पास्त्यावर घेतात आणि कोफ्ते मागाहून वाढतात.

तिकडे गाईचं, किंवा त्यात डुकराचं मिसळून मांस घेतात. आपण मटणाचा खिमा घेऊ.

साहित्य : अर्धा किलो बारीक खिमा (थोडी चरबी असू द्या), शिळ्या पावाच्या कडा काढलेला मऊ भाग १०० ग्रॅम, अर्धा कप दूध, १ अंडं, ५० ग्रॅम किसलेलं चीज, लसणाच्या २ पाकळ्या, मूठभर चिरलेली पार्सली किंवा कोथिंबीर, मिरपूड, चिमूटभर जायफळ, मीठ. रश्शासाठी १ किलो लालबुंद टोमॅटो, १ कांदा, लसणाच्या ३ पाकळ्या, तेल, बेसिलची पाने. बेसिल म्हणजे अंगणातली तुळस नव्हे. पण सब्जाचं रोप दारी असेल तर त्याची पाने चालतील, ते बेसिलच्याच जातीचं.

कृती : टोमॅटो गरम पाण्यात घालून सालं काढा व चिरा. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर कांदा-लसूण मऊ करा, लाल करू नका. टोमॅटो व मीठ घालून मंद आचेवर २० मिनिटे शिजू द्या. मसाला नको.

पाव दुधात दहा मिनिटे भिजवून हाताने कुस्करा. त्यात बाकीचं साहित्य घालून हलक्या हाताने कालवा. चीज खारट असतं, म्हणून मीठ बेताने. एक छोटा गोळा तळून चव पाहा, कच्चा खिमा चाखू नका. ओल्या हाताने लिंबाएवढे २४ गोळे वळा, थोड्या तेलात सगळीकडून तांबूस परता आणि रश्शात सोडा. झाकण ठेवून अर्धा तास मंद शिजवा. एक फोडून पाहा, आत गुलाबी राहता कामा नये. शेवटी बेसिलची पाने तोडून घाला.

कोफ्ते दगडासारखे होतात, अशी पुष्कळजणींची तक्रार असते. कारण साधं आहे. मांस तापलं की आवळतं आणि त्यातला रस बाहेर पडतो. भिजलेला पाव मध्ये असला, की मांस घट्ट बसत नाही आणि रस आतच राहतो. कणकेसारखं मळलंत, तर पाव घालूनही कोफ्ता चिवट होईल.

आता हिशेब पाहा. पाव, दूध, अंडं, चीज मिळून अर्ध्या किलोचं मिश्रण आठशे ग्रॅमच्या वर जातं. सहा माणसांना चार-चार कोफ्ते आले. या सहांत तुम्हीही आहात बरं का! सगळ्यांना आग्रह करकरून वाढायचं आणि शेवटी आपण रश्शाला पाव लावून उठायचं, ही आपली सवय. तेव्हा वाढायला घेण्याआधीच तुमचे चार एका वाटीत झाकून ठेवा. घरच्यांनाही ते माहीत असू द्या.