चौथी गोळी आणि ते दहा दिवस

दिवाळी अंकाची सुरुवात खुनाच्या विषयाने करताना मन कचरते. तरीही करतो आहोत, कारण ३० जानेवारी १९४८ चे धागेदोरे पुण्या-मुंबईतच गुंतलेले आहेत.

गांधीजींवर चौथी गोळी कुणी झाडली, हा प्रश्न दर काही वर्षांनी डोके वर काढतो. दुसऱ्या दिवशी काही वृत्तपत्रांनी चार गोळ्या छापल्या होत्या, शवविच्छेदनही झाले नव्हते. संशयाला तेवढे पुरते. फेरतपासाची मागणी मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. आमच्या मते तो विषय तिथे मिटला.

मिटलेले नाहीत ते त्याआधीचे दहा दिवस. २० जानेवारीला दिल्लीच्या बिर्ला भवनात स्फोट झाला आणि मदनलाल पहवा जागीच पकडला गेला. त्याने पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख केला. मरीना हॉटेलात साथीदारांनी धुवायला टाकलेले कपडे सापडले. त्यांवर धोब्याची खूण होती ‘एन. व्ही. जी.’ संपादक नथुराम विनायक गोडसे पुण्याच्या पोलिसांना अनोळखी नव्हता. नुसते नाव विचारायचे होते! इकडे मुंबईत रुईया महाविद्यालयाचे प्रा. जगदीशचंद्र जैन २१ तारखेलाच मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले. निर्वासित मदनलालला त्यांनी आपली पुस्तके विकायला देऊन आधार दिला होता. त्याच्याच तोंडून त्यांनी कट ऐकला होता, आणि तेव्हा ती बढाई वाटली होती.

१९६४ मध्ये शिक्षा भोगून सुटलेल्या दोषींच्या पुण्यातल्या सत्कारसमारंभात पत्रकार ग. वि. केतकरांनी आपल्याला कटाची आधीच कल्पना होती असे सांगितले, गदारोळ उठला आणि पुढे न्या. जीवनलाल कपूर आयोग बसला. त्याच्या १९६९ च्या अहवालात पोलिसांची ही ढिलाई सविस्तर नोंदलेली आहे. सावरकरांबाबतही खरा वाद तिथेच आहे: माफीच्या साक्षीदाराला पुष्टी न मिळाल्याने न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, कपूरांनी त्यांच्या निधनानंतर उलट निष्कर्ष लिहिला. हा वाद जरूर घालावा, पण दोन्ही कागद पुढ्यात ठेवून. अहवाल न उघडताच घसा ताणणारे दोन्ही बाजूंना आहेत, याची आम्हाला मनापासून चीड येते.

म्हणून यंदाचा मुख्य विभाग २० ते ३० जानेवारी एवढ्याच दिवसांचा आहे. खबर कुणाला मिळाली, पुढे कुणी कळवली आणि कुणाच्या टेबलावर अडली, हे त्यात तारीखवार वाचायला मिळेल.