टोमणा मारण्याआधी

उन्हाळ्याच्या तोंडाला ऊसतोडीवरून परतलेली पोरं पुन्हा शाळेत येतात. पाच-सहा महिने कोपीत काढलेले, पाढे मागं पडलेले. अशा पोराला वर्गात कुणी म्हणतं, "या साहेब, सवड मिळाली का?" वर्ग हसतो. शब्द मानाचे आणि अर्थ अपमानाचा, उपरोध म्हणतात तो हाच. पोराला उलट बोलता येत नाही, कारण वरवर पाहता त्याला कुणी वाईट बोललेलंच नसतं. टोमण्याचा हा सगळ्यात वाईट गुण: मारणारा नामानिराळा राहतो.

तरीही उपरोध सोडा, असं मी म्हणणार नाही. मराठवाड्याच्या बोलीत तो मुरलेला आहे आणि गरिबाच्या हाती ते मोठं हत्यार आहे. आठ दिवस टँकर फिरकला नाही की ग्रामसभेत एखादी आजी उठते, "सरपंच, तुमच्या कृपेनं लई पाणी झालंय बघा, घरात पूर आलाय!" दहा निवेदनांना दाद न देणाराही तिथं मान खाली घालतो. आजी अधिकार असलेल्या माणसाला बोलते आणि चारचौघांत, तोंडावर बोलते. गोदाकाठी पैठणला संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांतून ढोंगाचे वाभाडे काढले. पण 'विंचू चावला'मध्ये डंख त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलाय, कारण तो विंचू काम-क्रोधाचा आहे. त्यामुळं ऐकणारा आधी हसतो आणि मग स्वतःकडं बघतो.

लिहिताना जास्त जपावं लागतं. बोलताना आवाजाचा हेल, डोळ्यांतलं हसू सोबत असतं, मोबाईलवर फक्त शब्द पोचतात. पारावर मित्राला मारलेली कोपरखळी तिथंच विरते. तीच स्टेटसला टाकली की अनोळखी माणूस ती आपल्या जातीवर घेतो. 2024च्या लोकसभा निकालानंतर आपल्या बीड जिल्ह्यानं हे भोगलंय. पोस्ट आणि स्टेटसवरून तणाव झाला, बाजारपेठा बंद राहिल्या. आडनावावरून माणूस जोखला जाऊ नये म्हणून 2025मध्ये बीड पोलिसांनी टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावंच काढली. वर्दीतल्या माणसांवर ही वेळ यावी, यातच आलं सगळं.

म्हणून हात जोडून सांगतो. आडनावावर, कोयत्यावर, सुनेच्या माहेरावर टोमणा नको. कुणाला लागलं तर "गंमत केली" म्हणून अंग काढून घेऊ नका, चुकलं म्हणा. रस्ता, पाणी, पीकविमा यांवर मात्र खुशाल झोंबेल असं लिहा आणि खाली आपलं नाव घाला. आणि समोर उभं राहून जे बोलायची तयारी नाही, ते स्टेटसला टाकू नका.