शेळ्या विकू नका, ताप अंगावर काढू नका

आगोटीची धावपळ संपून लावणीला जोर आला की चिपळूण परिसरातल्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढू लागतात. यातले काही ताप हिवतापाचे असतात, काही डेंग्यूचे, तर काही लेप्टोस्पायरोसिसचे. या शेवटच्या आजाराचे लांबलचक नाव आपल्या लोकांनी ‘लेप्टो’ असे सुटसुटीत करून घेतले आहे. नाव सर्वांच्या तोंडी बसले, आजाराची ओळख मात्र अजून नीट झालेली नाही.

या आजाराबद्दल बोलताना मला दोन टोकाची मते ऐकायला मिळतात. एक म्हणजे, ‘पावसात भिजले की ताप यायचाच, चार दिवसांत उतरेल.’ दुसरे म्हणजे, ‘जनावरांपासून होतो म्हणतात, तर शेळ्या विकून टाकू आणि कुत्रा लांब सोडून येऊ.’ माझ्या मते दोन्ही चूक आहेत. पहिले मत जिवावर बेतते आणि दुसऱ्याने घराचे नुकसान होऊन आजार तिथेच राहतो.

आपल्या घरांची रचनाच पाहा. पुढे अंगण, बाजूला गोठा, मागे परड्यात चार माडपोफळी, मांडवावर पडवळ, दोडकी आणि काकडी. घाटावरचे धनगर भातकापणीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात आणि शेतात मेंढरे बसवून खत मिळते. पण आपल्या धो धो पावसात बारमाही मेंढी पाळणे अवघड. म्हणून आपल्याकडे शेळी. तिच्या जोडीला राखणीचा एखादा कुत्रा असतोच. या पसाऱ्यातून घरात दूध येते, ताजी भाजी येते, अडीअडचणीला एखादे बोकड विकून फी किंवा औषधपाणी भागते. घरातल्या वयस्कर माणसांचे हातपाय त्यामुळे चालते राहतात, हा फायदा तर कोणत्याही गोळीत मिळत नाही. तेव्हा गोठा मोडा, असा सल्ला मी कधीच देणार नाही.

आता आजार येतो कसा ते पाहू. लेप्टोचे जंतू मुख्यतः उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतात आणि त्यांच्या लघवीतून बाहेर पडतात. गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्रे यांनाही ही लागण होते व त्यांच्याही लघवीतून जंतू पडत राहतात. वरून जनावर धडधाकट दिसू शकते. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात हे जंतू काही आठवडे तग धरतात, सुकलेल्या जागेत मात्र लवकर मरतात. पायाची भेग, कोयतीची जखम, चिखलाने मऊ पडलेली कातडी, डोळे, नाक, तोंड यांतून ते आपल्या शरीरात शिरतात. माणसापासून माणसाला हा आजार सहसा होत नाही.

जर्मनीतील डॉक्टर अॅडॉल्फ वाइल यांनी 1886 साली या आजाराच्या गंभीर स्वरूपाचे वर्णन केले. पुढे 1915 साली जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी त्याचा जंतू शोधून काढला. जपानमधले ते रुग्ण पाणी साचणाऱ्या कोळशाच्या खाणींत राबणारे मजूर होते. ओल्यात राबणाऱ्या कष्टकऱ्यांचा हा आजार आहे, हे तेव्हापासून माहीत आहे.

आपल्याकडे लेप्टो म्हटले की पूर आठवतो. 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 या दिवशी वाशिष्ठी शहरात शिरली, आणि पुरानंतरचा चिखल उपसताना हा धोका असतोच. पण पूर काही दरवर्षी येत नाही. गोठ्यातला चिखल मात्र दर पावसाळ्यात असतो.

म्हणून उपाय गोठ्यापासूनच सुरू व्हायला हवेत. शेळ्यांसाठी जमिनीपासून उंच फळ्यांचा माच करावा, म्हणजे मूत खाली पडते आणि जागा कोरडी राहते. मूत वाहून जायला चर काढावा. तो विहिरीकडे किंवा भाजीच्या वाफ्याकडे नेऊ नये. आंबोण आणि धान्य झाकून ठेवावे, कारण उंदीर येतो तो खाण्यासाठी. शेळी गाभडली तर हातात पिशवी चढवूनच आवराआवर करावी व पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. कुत्र्याला लेप्टोची लस मिळते. रेबीजच्या लशीबरोबर तिचीही चौकशी करावी.

आता गमबुटांविषयी स्पष्ट बोलतो. बऱ्याच घरांत गमबुटांची एकच जोडी असते आणि ती घरच्या पुरुषाच्या मापाची असते. गोठा झाडणारी, शेण भरणारी, परड्यात राबणारी बाई मात्र अनवाणी असते. हे बदलले पाहिजे. लावणीच्या चिखलात गमबूट रुततात, तिथे ते घालून काम होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण गोठ्यात आणि परड्यात ते सहज वापरता येतात. शेतात उतरताना जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी आणि वर आल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. ग्रामपंचायतींनी लावणीच्या आधी कष्टकरी बायांसाठी गमबुटांची सोय केली, तर तो खर्च वाया जाणार नाही.

शेवटी तापाविषयी. चिखलात काम केल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी थंडी वाजून ताप आला, डोके फार दुखले, पोटऱ्या दाबल्यावर कळ आली, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि ‘मी गोठ्यात, चिखलात काम करतो’ हे न विचारता सांगा. डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन यांसारखी साधी औषधे लवकर दिली तर फार उपयोगी पडतात. रक्ताची तपासणी पहिल्या काही दिवसांत नकारार्थी येऊ शकते, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून खाऊ नयेत. त्यांतल्या काही मूत्रपिंडाला अपाय करतात आणि या आजाराचा घाव तिथेच असतो. लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे, धाप लागणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावे.

लावणीचा एक दिवस बुडतो म्हणून ताप अंगावर काढणारी माणसे मी दर पावसाळ्यात पाहतो. बुडालेला दिवस शेजारीपाजारी हात लावून भरून काढतात. पण घरचे राबणारे माणूस गेले, तर ती जागा भरून काढणारा शेजारी कुठून आणायचा?